लिफाफे पाण्यात घालू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांचा गोव्यात म्हापशाला व्यापार होता, फोंडा-वास्कोशीही व्यवहार होता. घर रिकामे करताना त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक अल्बम, शे-सव्वाशे सुटी तिकिटे आणि सुतळीने बांधलेला लिफाफ्यांचा गठ्ठा सापडला. बरीच तिकिटे पोर्तुगीज आहेत, काहींवर नंतर आडवे-तिरके शब्द किंवा आकडे छापलेले दिसतात. दोन-तीन लिफाफ्यांवर तिकीट भारताचे आणि शिक्का मात्र पोर्तुगीज आहे. आता विचारायचे आहे ते हे: लिफाफ्यांवरची तिकिटे भिजवून काढायची का? यात किमती काय आहे? आणि राजवट बदलत असलेल्या एखाद्या देशाची तिकिटे जमवायची झाली तर सुरुवात कशी करावी?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीचे वाचेपर्यंत कोणी बादली भरायला नको. भिजवू नका. एकही नको. सुतळीसुद्धा पावसाळा असेल तर सोडू नका.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमचे घर सावंतवाडीचे आणि आत्या दिलेली गोव्यात पेडण्याला. मी बारा वर्षांचा असताना आजोबांच्या फडताळात तिचे 1962 सालच्या जानेवारीतले एक पत्र मिळाले. लिफाफ्यावर एश्कुदो या पोर्तुगीज चलनातले तिकीट, शेजारी भारताचे नकाशाचे नये पैशांचे तिकीट, आणि दोन्हींवर मिळून शिक्के. मला तिकिटे हवी होती. घंगाळात कोमट पाणी घेतले, अर्ध्या तासात दोन्ही सुटली, वर्तमानपत्रावर वाळवली आणि अल्बममध्ये लावली. लिफाफा आईने बंबात घातला. ती दोन तिकिटे आजही माझ्याकडे आहेत, दोन्ही मिळून चहाच्याही किमतीची नाहीत. तो लिफाफा मात्र पुढच्या चाळीस वर्षांत मला तसा पुन्हा मिळाला नाही.

का, ते समजण्यासाठी गोव्याच्या टपालाचे शेवटचे दिवस माहीत हवेत. भारतीय सैन्य 18 डिसेंबर 1961 ला गोव्यात शिरले आणि 19 ला पोर्तुगीज अंमल संपला. झेंडा एका संध्याकाळी बदलला, टपाल तसे बदलत नसते. पोस्टात जुनी तिकिटे शिल्लक होती, लोकांच्या घरी होती, पोस्टमास्तर तेच होते आणि त्यांच्या हातातले पितळी शिक्केही तेच. भारतीय तिकिटे तिथे 29 डिसेंबरपासून वापरात आली आणि जुनी पोर्तुगीज तिकिटे 5 जानेवारी 1962 पर्यंत चालवून घेतली. म्हणजे आठवडाभर दोन राजवटींची तिकिटे एकाच खिडकीवर ग्राह्य होती. शिक्के तर त्याहून सुस्त निघाले. पोर्तुगीज अक्षरांचे जुने शिक्के मे 1962 पर्यंत भारतीय तिकिटांवर पडत होते. तुमच्या ट्रंकेतले ते 'भारताचे तिकीट, पोर्तुगीज शिक्का' लिफाफे बहुधा याच पाच महिन्यांतले आहेत.

आता यातले तिकीट सोडवले तर हातात काय उरते? भारताचे एक अगदी साधे, कोट्यवधींनी छापलेले तिकीट, कोपऱ्यात अर्धवट शिक्का. लिफाफ्यावर असताना मात्र ते कुठून निघाले, कोणत्या तारखेला, कुणाला, किती पैशांत, हे सगळे एकत्र उभे असते. मी नवख्यांना नेहमी सांगतो की तिकीट हा सरकारचा दावा असतो आणि शिक्का ही टपाल कारकुनाची साक्ष. शांत काळात दोघे एकच बोलतात, म्हणून लिफाफ्याला फारसे कुणी विचारत नाही. राज्य बदलते तेव्हा दावा आणि साक्ष जुळत नाहीत, आणि संग्राहकाला त्या न जुळण्यातच रस असतो.

दावा म्हणजे काय ते तुमच्या अल्बममध्येच सापडेल. 1956 साली पोर्तुगिजांनी भारतातल्या आपल्या वसाहतीला 450 वर्षे झाली म्हणून मोठी मालिका काढली. तिच्यात व्हाइसरॉयांची चित्रे आहेत आणि जुन्या नकाशांचीही. एका तिकिटावर वसई आहे. वसई चिमाजी अप्पांनी 1739 त घेतली, म्हणजे हे तिकीट निघाले तेव्हा तिला जाऊन 217 वर्षे झाली होती! पुढच्याच वर्षी, 1957 त, दमण, दादरा आणि नगर हवेलीच्या नकाशाची मालिका आली. दादरा 22 जुलै 1954 ला आणि सिल्वासा 2 ऑगस्टला त्यांच्या हातून गेले होते. त्या मोहिमेत आपले सुधीर फडके होते हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. पोर्तुगालने तिकडे जाण्यायेण्याच्या हक्कासाठी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात 1955 त दावा लावला होता, त्याचा निकाल एप्रिल 1960 मध्ये लागला. म्हणजे खटला चालू असताना निघालेले नकाशाचे तिकीट हे कागदोपत्री पुराव्यासारखेच वापरायचे होते, असे माझे मत. ही तिकिटे स्वस्त आहेत, आजही सहज मिळतात, पण माझ्या संग्रहातले ते सगळ्यात बोलके पान आहे.

त्याच्या समोरच्या पानावर मी दुसरी बाजू लावली आहे. मुक्त झालेल्या दादरा-नगर हवेलीत 1954 पासून 11 ऑगस्ट 1961 रोजी भारतात विलीन होईपर्यंत स्वतंत्र कारभार चालला. तिथे सापडलेल्या पोर्तुगीज तिकिटांवर सुरुवातीला 'लिबरेटेड एरियाज' असे इंग्रजी शब्द छापून ती वापरली. त्यांचे टपाल वापीमार्गे जात-येत असे. तेच तिकीट, त्यावर दोन शब्द, आणि दाव्याचा अर्थ उलटा. तुमच्या अल्बममध्ये असे काही दिसले तर लगेच हुरळू नका. दोन शब्द छापायला काय लागते, ते पुढे येईलच.

आता तुमच्या 'आडव्या-तिरक्या शब्दां'कडे वळू. यांना ओव्हरप्रिंट म्हणतात, आणि नवी किंमत छापलेली असेल तर सरचार्ज. तुम्ही पाठवलेल्या वर्णनावरून निदान दोन वेगळे प्रसंग तुमच्याकडे आहेत.

एक 'रेपुब्लिका' शब्दाचा. पोर्तुगालमध्ये 5 ऑक्टोबर 1910 ला राजेशाही गेली आणि प्रजासत्ताक आले. वसाहतींच्या पोस्टांत राजा कार्लोसच्या चित्राच्या तिकिटांचे गठ्ठे पडून होते. हा राजा 1908 च्या फेब्रुवारीत लिस्बनमध्ये गोळ्या घालून मारला गेलेला. तिकिटे फेकून देणे परवडणारे नव्हते, तेव्हा 1911 पासून मेलेल्या राजाच्या तोंडावर 'प्रजासत्ताक' असा शब्द छापून ती विकली. वास्को द गामाच्या चारशे वर्षांच्या 1898 च्या मालिकेवरही पुढे तोच शब्द आला. त्याच सुमारास कमी किमतीची तिकिटे संपली, तेव्हा गोव्यात एक गमतीचा उपाय झाला: मोठ्या किमतीच्या तिकिटाला मधोमध उभे दाते, म्हणजे फाडायच्या छिद्रांची रांग, पाडले आणि दोन्ही अर्ध्यांवर नवी किंमत छापली. एकाची दोन तिकिटे. अशी जोडी न फाटलेली मिळाली तर सांभाळा.

दुसरा प्रसंग 1959 चा आहे आणि तो मला जास्त आवडतो, कारण त्यात झेंडा बदलला नाही, फक्त पैसा बदलला. गोव्यात तोवर रुपिया चालत होता: बारा रेईशचा एक टांगा, सोळा टांग्यांचा एक रुपिया. 1 जानेवारी 1959 पासून तिथे पोर्तुगालच्या धर्तीवर एश्कुदो आणि सेंताव्हु आले, एका रुपियाला सहा एश्कुदो. जुन्या तिकिटांवर नव्या किमती छापून वेळ भागवली आणि वर्षअखेरीस, डिसेंबरात, जुन्या नाण्यांच्या चित्रांची नवी मालिका आली. तीन वर्षे होतात न होतात तोच भारताचे नये पैसे आले. म्हणजे तुमच्या आजोबांनी 1958 ते 1962 या काळात दुकानाच्या गल्ल्यात तीन प्रकारचे पैसे मोजले. ट्रंकेत त्यांच्या जमाखर्चाच्या वह्या असतील तर त्या लिफाफ्यांइतक्याच जपा. टपालखर्चाची एखादी नोंद मिळाली तर कोणत्या पत्राला किती पडत होते ते कळते, आणि लिफाफा खरा की बनवलेला हे ठरवायला त्याहून चांगला साक्षीदार नाही.

अल्बमच्या सुरुवातीला दातांची ओबडधोबड कड असलेली, मध्ये फक्त आकडा आणि भोवती लंबगोलात 'सेर्व्हिसु पोस्टाल' व 'इंदिया पोर्ट' अशी अक्षरे असलेली काही तिकिटे आहेत का ते पाहा. पोर्तुगीज हिंदुस्थानची पहिली तिकिटे 1 ऑक्टोबर 1871 ला निघाली ती अशी होती, आणि तिथेच हाताने बनवलेली. 1877 त लिस्बनची मुकुटाची छापील तिकिटे येईपर्यंत तीच पुन्हापुन्हा नव्या साच्यांतून काढली. कागद कधी जाड कधी पातळ, रेघा कधी दाट कधी विरळ. या तिकिटांवर लोकांनी आयुष्ये घालवली आहेत आणि ती पार्श्वभूमीतल्या रेघा भिंगाखाली मोजून वेगळी करतात. मी त्या वाटेला गेलो नाही, डोळे आणि संयम दोन्ही कमी पडले. अशी सापडली तर माझ्या किंवा कुणा ओळखीच्या विक्रेत्याच्या शब्दावर न जाता तज्ज्ञ मंडळाकडून प्रमाणपत्र घ्या. नकलाही तितक्याच जुन्या आहेत, त्यामुळे कागद पिवळा दिसला म्हणजे अस्सल असे समजू नका.

किमतीचे आता स्पष्ट बोलतो. 1950 च्या दशकातली सुटी, रंगीत, बिनशिक्क्याची तिकिटे, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या 1952 च्या चतुःशताब्दीची, व्हाइसरॉयांची, नाण्यांची, यांतून फार काही मिळणार नाही. ती जगभरच्या संग्राहकांसाठीच मोठ्या संख्येने छापली होती. गोव्यातल्या पोस्टांत विकली गेलेली शेवटची नेहमीची मालिका जून 1960 ची, पोर्तुगालच्या दर्यावर्दी राजपुत्र हेन्रीच्या पाचशेव्या पुण्यतिथीची. त्यानंतर खेळांच्या चित्रांची एक मालिका तयार होती, पण ती गोव्याच्या खिडकीवर येण्याआधी गोवाच गेला. ती लिस्बनमध्ये विकली. 'अतिदुर्मिळ, न निघालेली तिकिटे' म्हणून कुणी ती तुम्हाला चढ्या भावात देऊ पाहील. घ्यायची तर मजा म्हणून घ्या. टपालाच्या दृष्टीने ती कधीच कुठे गेली नाहीत. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते त्यांच्याकडची हुकूमशाही एप्रिल 1974 मध्ये कोसळल्यावर, त्या वर्षाच्या 31 डिसेंबरच्या कराराने. तोवर त्यांच्या लेखी गोवा त्यांचाच होता, हे लक्षात घेतले की त्या खेळांच्या तिकिटांचा हट्टही समजतो.

किमती ठरू शकतात ते लिफाफे. त्यातही सगळे सारखे नसतात. डिसेंबर 1961 आणि जानेवारी 1962 मध्ये हौशी मंडळी गप्प बसली नव्हती. त्यांनी स्वतःच्या पत्त्यावर, व्यवस्थित रांगेत पाच-सात तिकिटे लावून, स्वच्छ शिक्के मारून घेऊन लिफाफे तयार केले. ते खोटे नाहीत, पण ते मुद्दाम केलेले आहेत. त्यांच्यापुढे व्यापाऱ्याने मुंबईच्या पेढीला पाठवलेला, एक कड फाटलेला, योग्य दराइतकीच तिकिटे लावलेला, मागे पोहोचल्याचा शिक्का असलेला मळका लिफाफा मला दहापट प्रिय. तुमचे आजोबा व्यापारी होते, म्हणून मला तुमच्या गठ्ठ्यात रस आहे. डिसेंबर 1961 नंतरची लष्कराच्या फील्ड पोस्ट ऑफिसांची टपाले, किंवा मे 1962 पर्यंत गोव्यातल्या छावण्यांत ठेवलेल्या पोर्तुगीज युद्धकैद्यांचे एखादे पत्र यात मिळण्याची शक्यता कमी, पण फोंडा-वास्कोशी व्यवहार होता म्हणता, तेव्हा नजर असू द्या.

खोटे कसे ओळखावे, यावर लोक पानेच्या पाने लिहितात. मी तीन गोष्टींवर बहुतेक काम भागवतो. शिक्क्याची शाई तिकिटावरून लिफाफ्यावर सलग उतरली आहे का ते तिरप्या उजेडात बघतो. रेषा तिकिटाच्या कडेशी तुटत असेल, किंवा लिफाफ्यावरची अर्धी गोलाई तिकिटावरच्या अर्ध्या गोलाईशी जुळत नसेल, तर ते तिकीट नंतर डकवले आहे. वापरलेल्या ओव्हरप्रिंटवर भिंग धरून शाईचे थर बघतो: छापलेला शब्द शिक्क्याच्या खाली असायला हवा. वर असेल तर आधी साधे तिकीट वापरले गेले आणि शब्द मागाहून कुणी घरी चढवला. आणि तारीख. 'दोन राजवटींचे' म्हणून विकायला येणाऱ्या लिफाफ्यांत पोर्तुगीज तिकीट मार्च 1962 मध्ये आनंदाने चाललेले मी पाहिले आहे. ते चालायचे दिवस 5 जानेवारीला संपले होते हे विक्रेत्याला माहीत नव्हते, किंवा मला माहीत नसेल असे त्याला वाटले. 'रेपुब्लिका'च्या साध्या तिकिटांची नक्कल कुणी करत नाही, परवडत नाही. पण शब्द उलटा छापलेले किंवा दोनदा छापलेले तिकीट दिसले की मी आधी नाही म्हणतो, मग बघतो.

एक छोटी खूण आणखी. गोव्यात पावसाळे काढलेल्या बिनशिक्क्याच्या तिकिटाचा डिंक सहसा पिवळसर, कधी तडकलेला असतो आणि दातांच्या टोकांवर तांबूस ठिपके असतात. पांढराशुभ्र डिंक दिसला तर ते तिकीट बहुधा लिस्बनहून थेट कुणा संग्राहकाकडे गेलेले आहे. त्यात दोष काही नाही, पण 'गोव्यातल्या घरातून मिळाले' ही कहाणी मग ऐकून सोडून द्यावी.

गोव्यापुरतेच अडकून राहायचे नसेल तर घराजवळ दुसरा विषय हैदराबादचा आहे. निजामाच्या राज्यात स्वतःची तिकिटे होती आणि 1871 पासूनच्या तिकिटांवर फारसी लिपी, इंग्रजी आणि तेलुगूबरोबर देवनागरीही होती, कारण मराठवाडा त्या राज्यात होता. सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईने निजामाची सत्ता गेली, तरी त्याची तिकिटे 1 एप्रिल 1950 ला भारतीय तिकिटे येईपर्यंत चालू राहिली. दीड वर्ष! औरंगाबाद, परभणी, नांदेडकडच्या जुन्या घरांत त्या दीड वर्षातली पत्रे अजून निघतात आणि भाव अजून गोव्याइतके चढलेले नाहीत. बांगलादेश 1971 हा तिसरा मोठा विषय, पण तिकडे नवख्याने जाऊ नये असे मी म्हणेन. बिमान मल्लिक यांनी आखलेली, 29 जुलै 1971 ला निघालेली पहिली आठ तिकिटे ठीक आहेत, ती सरळ आहेत. त्यानंतर पाकिस्तानी तिकिटांवर गावोगावच्या पोस्टांत रबरी शिक्क्यांनी 'बांगला देश' उमटवले गेले, त्याचे प्रकार इतके की मोजदाद नाही. रबरी शिक्का कुठल्याही गल्लीत करून मिळतो, तेव्हा त्यातले किती पोस्टात झाले आणि किती नंतर, हे पोहोचलेल्या लिफाफ्याशिवाय सांगता येत नाही.

आज एखाद्या देशात उलथापालथ चालली असेल तर नवी चकचकीत मालिका विकत घेऊ नका, ती दहा वर्षांनीही त्याच किमतीला मिळेल. तिथे कुणी ओळखीचे असेल तर त्याला साधे पत्र टाकायला सांगा, पोस्टातल्या माणसाच्या हाताने शिक्का मारून. जुने तिकीट चालते का, नवा शिक्का आला का, पत्र किती दिवसांनी पोहोचले, हे पाकिटावर पेन्सिलीने न लिहिता वेगळ्या चिठ्ठीवर लिहून ठेवा. परत आलेले पत्र तर टाकूच नका. 'सेवा बंद' असा शेरा मारून परत आलेले पाकीट हे पोहोचलेल्या पाकिटाहून जास्त सांगते.

राहिली जपणूक. कोकण-गोव्याच्या हवेत कागदाचे दोन वैरी, ओल आणि कसर. प्लॅस्टिकच्या स्वस्त बाह्या, सेलोटेप आणि लॅमिनेशन हे माणसांनी आणलेले तीन. लॅमिनेट करून फ्रेममध्ये लावलेला 1961 चा लिफाफा मी एका घरात पाहिला आहे, कौतुकाने दाखवला होता, मला काय बोलावे ते सुचेना. बिनशिक्क्याची तिकिटे एकमेकांना चिकटली असतील तर ओढू नका, तशीच राहू द्या. स्टॉकबुक, म्हणजे तिकिटे पट्ट्यांत खोचून ठेवायची वही, उभे ठेवा, आडवे रचू नका. लोखंडी ट्रंक भिंतीपासून दूर आणि तिच्यात सिलिका जेलच्या पुड्या, दर दोन महिन्यांनी बदलून. अल्बममधली हिंजने, म्हणजे डिंकाच्या छोट्या कागदी पट्टीने, डकवलेली तिकिटे हिंजसकट असू द्या, ती आजोबांनी लावली आहेत.

तुम्ही सांगितलेल्या त्या दोन-तीन लिफाफ्यांचे फोटो काढा. पुढची आणि मागची बाजू दोन्ही, शेजारी पट्टी ठेवून, फ्लॅश न लावता खिडकीच्या उजेडात. शिक्क्यातली तारीख वाचता येत नसेल तर मोबाइल थोडा तिरपा धरा, शाईपेक्षा कागदावरचा दाब जास्त बोलतो. आत पत्र असेल तर ते पुन्हा त्याच लिफाफ्यात, त्याच घडीवर ठेवा. आणि गठ्ठ्याचा क्रम मोडण्याआधी वरून खालपर्यंत कोणता लिफाफा कितवा ते लिहून घ्या. आजोबांनी तो तारखेने लावला असेल, तर ज्या लिफाफ्यावरचा शिक्का पुसट आहे त्याची तारीख त्याच्या वरच्या आणि खालच्या लिफाफ्यांवरून काढता येईल.